क्रूझवरचा किड्स क्लब: पोराला दारात सोडण्याआधी

क्रूझचं बुकिंग करताना एजंट हमखास सांगतो, "मुलांचं टेन्शन घेऊ नका, किड्स क्लब आहे आणि फुकट आहे." सांगतो ते खरंच असतं, पण अर्धं. फुकट कितव्या वर्षापासून, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या अटीवर, हे जहाजावर चढल्यावर कळतं. तेव्हा कडेवर अडीच वर्षांचं पोर असतं, पाठीवर सॅक असते आणि मागे रांग लागलेली असते.

मराठी घरांत क्रूझ साधारण तीन वाटांनी येते. एक, सिंगापूरच्या सहलीला जोडलेली तीन-चार रात्रींची. दोन, मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणारी, कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची. आणि तिसरी, अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यात गेलेल्या आजी-आजोबांसकट मायामी किंवा पोर्ट कॅनाव्हरलहून बहामाजला जाणारी. इथे मी मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहिणार आहे. तिथले नियम सगळ्यांत काटेकोर आहेत. ते कळले की बाकीच्या जहाजांवर काय विचारायचं तेही कळतं.

वय म्हणजे पासपोर्टवरचं वय

डिस्नेच्या जहाजांवर मुलांचा क्लब ३ ते १० वर्षांसाठी आहे. बाकीच्या क्रूझ कंपन्यांचे क्लब असे: रॉयल कॅरिबियनचा ॲडव्हेंचर ओशन ३ वर्षांपासून सुरू होतो, नॉर्वेजियनचा स्प्लॅश अकॅडमी ३ ते १२ साठी आहे. कार्निव्हलचा कॅम्प ओशन २ वर्षांपासूनच मुलं घेतो. "पुढच्या महिन्यात तीन पूर्ण होतील हो" हे बालवाडीच्या प्रवेशाला चालून जातं, इथे नाही. नोंद पासपोर्टवरून होते आणि काउंटरवरच्या मुलीच्या हातात ती बदलायचे अधिकारच नसतात. तिच्याशी हुज्जत घालण्यात सुट्टीचा एक तास जातो, इतकंच.

वयोगटाप्रमाणे खोल्या वेगळ्या असतात, त्यामुळे सहा वर्षांचा दादा आणि चार वर्षांची धाकटी बहीण वेगवेगळ्या गटांत पडू शकतात. विनंती केली तर काही ठिकाणी मोठ्याला लहानांच्या गटात बसू देतात. लहानाला मोठ्यांत सहसा नाही.

तीन वर्षांखालच्यांसाठी मोठ्या जहाजांवर पाळणाघर असतं, साधारण सहा महिन्यांपासून पुढच्या बाळांसाठी. त्याचे मात्र तासाप्रमाणे पैसे पडतात, जागा मोजक्या असतात आणि त्या आधीच भरतात. तेव्हा तिकीट काढताना एजंटला विचारायचा प्रश्न असा: पाळणाघर आहे का, आणि त्याचं बुकिंग कधी उघडतं? सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला बहुतेक कंपन्या जहाजावरच घेत नाहीत. सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रात राहणारी लांबची सफर असेल, तर ही मर्यादा एक वर्षाची होते, कारण जवळपास धड हॉस्पिटल नसतं. ब्रिटनच्या पीअँडओ या क्रूझ कंपनीची एक सोय जाता जाता सांगते: रात्रीचं पाळणाघर. अंधाऱ्या खोलीत बाळं झोपलेली, आई-बाप जेवायला मोकळे, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. ही सोय सगळ्यांनी उचलायला हरकत नव्हती.

डायपर नको, आणि "आई, झालं!" पण नको

सगळ्यांत जास्त कुटुंबं अडकतात ती इथे. कार्निव्हलसारखे अपवाद सोडले तर तीन वर्षांपुढच्या क्लबची अट असते की मुलाला शी-शूची सवय पूर्ण झालेली हवी. डायपर चालत नाही, चड्डीसारखं चढवायचं पुल-अपही चालत नाही.

आपण म्हणतो, झालीय की सवय. आपल्या घरात याचा अर्थ काय असतो ते जरा आठवून पाहा. पोर वेळेवर सांगतं, आत जातं, बसतं, आणि मग आतून हाक येते: "आई, झालं!" आई किंवा आजी जाते, धुते, पुसते, चड्डी चढवते. साडेचार-पाच वर्षांपर्यंत हे बहुतेक घरांत सर्रास चालतं आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. जहाजावर त्या हाकेला कोणी जात नाही. क्लबच्या नियमाचा अर्थ असा की मुलाने एकट्याने आत जायचं, पँटचं बटण एकट्याने काढायचं, एकट्याने स्वच्छ व्हायचं, कपडे वर करायचे आणि हात धुवायचे. कर्मचारी आत जात नाहीत. हे त्यांच्या आळसापोटी नाही. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड असू नये, हा मुलांच्या सुरक्षिततेचा नियम आहे, आणि आई-बाप म्हणून तो आपल्याला हवाच आहे.

त्यातून आपली आणखी एक पंचाईत. तिथे हँडशॉवर नसतो, मगही नसतो. कमोडशेजारी कागदाची गुंडाळी असते, बस्स. जन्मापासून पाण्याने धुतलेल्या पोराला त्या कागदाचं काय करायचं ते कळत नाही, मग ते रोखून धरतं. तीन तास रोखून धरलेलं पोर संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून रडतं आणि आपण दोष देतो जहाजाच्या पिझ्झाला. सफरीच्या महिनाभर आधी घरी कागद आणून सराव करून घ्या. इलॅस्टिकची पँट द्या. जीन्स, बेल्ट आणि पाठीवर चेन असलेला फ्रॉक घरीच राहू दे. खरं सांगायचं तर या लेखातली सगळ्यांत कामाची ओळ हीच आहे.

अपघात झालाच, तर कर्मचारी कपडे बदलून देत नाहीत. तुम्हाला निरोप येतो आणि तुम्ही जाऊन बदलायचे. असं वारंवार झालं तर नम्रपणे सांगतात की या सफरीपुरतं क्लबमध्ये आणू नका. नॉर्वेजियनवर सवय न झालेल्या तीन-चार वर्षांच्या मुलांनाही घेतात, पण डायपर बदलायला आई-बापांनाच बोलावतात.

हा नियम इतका कडक का, याचं उत्तर अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेत आहे. १९७० च्या दशकापासून तिचा एक विभाग जहाजांची स्वच्छता तपासतो. परदेशी बंदरं करून अमेरिकेत येणाऱ्या आणि १३ किंवा जास्त प्रवासी नेणाऱ्या जहाजावर तपासनीस न कळवता येतात. १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास. हे निकाल सगळ्यांना पाहता येतात, तुमच्या जहाजाचे गुण घरबसल्या शोधता येतील. या तपासणीत मुलांच्या क्लबचा वेगळा भाग आहे: डायपरची मुलं घेणार असाल तर ते बदलायची जागा कशी हवी, तिथे हात धुवायची काय सोय हवी, खेळणी किती वेळा धुवायची. कोणत्या लक्षणांच्या मुलाला आत घेऊ नये, याची सूचना दाराशी लावलेली हवी. हे सगळं करण्यापेक्षा डायपरच नको म्हणणं कंपनीला सोपं पडतं. लहानग्यांना पोहण्याच्या डायपरसकटही मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, त्यामागेही हीच तपासणी.

दारात काय होतं

क्लबचं दार म्हणजे एक काउंटर, शेजारी छोटं फाटक आणि त्यापलीकडे मुलांचा कल्ला. नोंदणी आधी ॲपवर किंवा वेबसाइटवर करून ठेवली असेल तर पाच मिनिटांत काम होतं. मुलाचं नाव, वय, ॲलर्जी आणि न्यायला कोण येणार हे तपासतात. मग मनगटावर पट्टा चढतो. डिस्नेच्या पट्ट्यात सेन्सर असतो, मूल क्लबच्या हद्दीत आहे की नाही ते त्यावरून कळतं. हा पट्टा सफर संपताना परत द्यायचा असतो, नाहीतर खात्यावर पैसे लागतात. मग हात. डिस्नेवर भिंतीत एक यंत्र असतं, दोन गोल भोकांत मुलाने हात घालायचे, आत साबण-पाण्याचा फवारा फिरतो. मुलांना हे इतकं आवडतं की काही जण परत रांगेत येतात. यंत्र उगाच शोभेला नाही. जहाजांवर पोटाच्या साथी बहुतांशी नोरोव्हायरसमुळे पसरतात, आणि त्याच्यावर सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणीच बरं चालतं.

आई-बापांनी फाटकाच्या बाहेर थांबायचं. "अगं, मी बसते ना कोपऱ्यात, कोणाला काही त्रास नाही देणार," असं आजी म्हणणार. सूनबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं बरं: "आई, कोणालाच आत सोडत नाहीत, मलासुद्धा नाही." कारण सरळ आहे. तुमच्या आजी तुम्हाला माहीत आहेत, बाकीच्या साठ मुलांच्या आई-बापांना त्या अनोळखी आहेत. मुलासोबत आत जाऊन जागा बघायची असेल तर 'ओपन हाउस'ची वेळ असते, बहुधा जहाज सुटण्याच्या दिवशी दुपारी. ती चुकवू नका. त्या दिवशी सगळे बुफेकडे पळतात, तुम्ही आधी क्लब बघून या. मुलाने खोली, रंग आणि टॉयलेट एकदा पाहिलं असलं की दुसऱ्या दिवशी निम्मी रडारड वाचते.

परत नेताना कडकपणा आणखी वाढतो. ज्यांची नावं आई-बापांनी यादीत दिलीत, त्यांच्याच हाती मूल देतात. डिस्नेवर ओळखीसोबत ठरवलेला गुप्त शब्द विचारतात. आजी-आजोबांची केबिन वेगळी असेल तर आडनाव एकच आहे म्हणून भागत नाही, त्यांचं नाव यादीत हवं आणि तो शब्दही त्यांना पाठ हवा. आजोबांनी शब्द विसरला आणि नातू फाटकाआडून "आबाऽ" म्हणून हाका मारतोय, तरी मूल मिळणार नाही. राग येतो, पण उलट्या बाजूने विचार करा: कोणीही "मी याचा आबा" म्हणत आला आणि त्यांनी दिलं असतं तर?

साधारण आठ-दहा वर्षांच्या पुढे मुलाला स्वतःहून बाहेर पडायची मुभा देता येते, पण त्यासाठी आई-बापांची परवानगी लागते. माझ्या मते पहिल्या सफरीत ती देऊ नये. दहा-बारा मजल्यांचं जहाज असतं, लिफ्ट पुढे वेगळ्या आणि मागे वेगळ्या, आणि सगळे कॉरिडॉर एकसारखे. तिथे मोठी माणसंसुद्धा आपली केबिन शोधत फिरताना दिसतात.

रडलं तर, चावलं तर, उलटी झाली तर

कर्मचारी थोडा वेळ समजूत काढतात, पोर शांत झालं नाही तर तुम्हाला निरोप पाठवतात. निरोप बहुधा जहाजाच्या ॲपवर येतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून जहाजाच्या वायफायला जोडायचा. ॲप चालायला बहुतेक ठिकाणी इंटरनेटचं पॅकेज लागत नाही, पण मेसेजची सोय फुकट आहे का ते विचारून घ्या. साधं सिम चालू ठेवलंत तर समुद्रातल्या रोमिंगचं बिल पाहून घाम फुटेल. आणि फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावून दोघांनी नाटकाला जाऊन बसू नये.

मारामारी, चावणं, ढकलणं झालं तर आधी ताकीद मिळते, मग त्या वेळेपुरतं बाहेर, आणि पुन्हा घडलं तर सफर संपेपर्यंत बंदी. "लहान आहे हो" हे तिथे कारण म्हणून चालत नाही, कारण सगळेच लहान असतात.

उलटी किंवा जुलाब झाले तर मूल लगेच तुमच्या ताब्यात देतात आणि डॉक्टर सांगेल तोवर परत घेत नाहीत. प्रवासी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के किंवा जास्त जण पोटाच्या आजाराने पडले, तर ती साथ सीडीसी जाहीर करते. त्या आकड्याची धास्ती कंपन्यांना असते. "बोट लागली असेल" असं म्हणून लपवू नका. खरंच बोट लागलेली असेल तर डॉक्टर ते सांगेलच. औषधांचंही असंच. क्रोसिनची बाटली आणि चिठ्ठी देऊन "चार वाजता पाच मिली द्या" असं सांगता येत नाही. दम्याचा पंप किंवा जीवघेण्या ॲलर्जीचं इंजेक्शन असेल, तर ते कोण देणार हे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट विचारा.

खाण्याबद्दल आपल्या लोकांचा प्रश्न वेगळा असतो. डिस्नेवर क्लबमध्ये दुपारचं आणि रात्रीचं जेवण मिळतं, पण ते अमेरिकन मुलांचं: पिझ्झा, चीज घातलेली मॅकरोनी, चिकनचे नगेट्स. ॲलर्जीची नोंद ते गांभीर्याने घेतात. शाकाहार ही मात्र त्यांच्या दृष्टीने आवड आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला चिकनचं नगेट बटाट्याच्या पॅटिससारखंच दिसतं. मांस, मासे, अंडं नको हे लेखी सांगा. पण खरा उपाय म्हणजे जेवण आपल्यासोबत, क्लब मधल्या वेळेत. घरचे लाडू-चकल्या आत नेता येत नाहीत, दुसऱ्या मुलाच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा प्रश्न असतो.

क्लबची भाषा इंग्रजी. जहाजावर गोव्याचा किंवा वसईचा माणूस भेटतो आणि कोकणी-मराठी ऐकून जीव भांड्यात पडतो, पण तो बहुधा स्वयंपाकघरात किंवा केबिनच्या कॉरिडॉरमध्ये असतो, क्लबमध्ये क्वचित. त्याला "जरा तासभर बघतोस का रे" असं विचारू नका. त्याच्या नोकरीवर येईल. भारतातून आलेल्या मुलाला इंग्रजीची चार वाक्यं तरी आली पाहिजेत: टॉयलेटला जायचंय, पाणी हवंय, दुखतंय, आईला बोलवा. खेळायला भाषा लागत नाही, ते मुलं दहा मिनिटांत जमवतात.

भोंगा वाजला तर

आजीचा खरा प्रश्न हाच असतो, फक्त ती मोठ्याने विचारत नाही: काही झालं आणि पोर खाली, आम्ही वर?

१३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. संकटात कुठे जमायचं आणि काय करायचं याचा सराव प्रवाशांकडून करून घेतात, पण त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा तो झालेलाच नव्हता. तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव झालाच पाहिजे. लाइफ जॅकेटचाही हिशेब आहे. प्रवाशांच्या किमान १० टक्के इतकी मुलांच्या मापाची जॅकेट जहाजावर हवीत, आणि मुलं त्याहून जास्त असतील तर प्रत्येक मुलामागे एक.

क्लबमधल्या मुलांचं काय, हे जहाजागणिक बदलतं. मुलाच्या मनगटावरच्या पट्टीवर बहुधा कुटुंबाच्या जमण्याच्या जागेचा क्रमांक असतो. काही जहाजांवर कर्मचारीच मुलांना त्या जागी आणतात, काहींवर आई-बापांनी क्लबमधून न्यायचं असतं. या दोन्हींत गोंधळ झाला तर आई खाली धावते, पोर वर पोचतं आणि जिन्यात चुकामूक होते. तेव्हा सरावाच्या दिवशी काउंटरवर एकच प्रश्न विचारा, भोंगा वाजला तर आम्ही इथे यायचं की थेट जमण्याच्या जागी, आणि उत्तर आजी-आजोबांनाही सांगा.

कर्मचाऱ्यांवर विश्वास किती ठेवायचा, हा यातलाच एक भाग. बहुतेक जहाजांवर बहामाज, पनामा अशा देशांचा झेंडा असतो, म्हणजे जहाजाची नोंद त्या देशात असते, त्यामुळे तक्रार कुठे करायची हा प्रश्न पूर्वी फारच अवघड होता. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझच्या सुरक्षिततेचा कायदा केला. गंभीर गुन्हा अमेरिकन नागरिकाशी संबंधित असेल तर तो एफबीआयला कळवणं बंधनकारक झालं, कॅमेरे आले, डेकच्या कठड्याची उंची किमान ४२ इंच ठरली, आणि कंपनीवार गुन्ह्यांचे आकडे सरकारला जाहीर करावे लागतात. आकडे चाळून पाहायला हरकत नाही. पण मुलाला रोज रात्री विचारणं जास्त उपयोगी: आज कोण होतं, काय खेळलात, कोणी काही गुपित ठेवायला सांगितलं का?

वेळा, आणि बंदराचा दिवस

रॉयल कॅरिबियनवर समुद्रातल्या दिवशी सर्वसाधारण वेळा ९ ते १२, २ ते ५ आणि ७ ते १०. मधल्या वेळी मूल न्यायलाच लागतं. रात्री १० नंतर तासाप्रमाणे पैसे. कार्निव्हलवरही १० नंतर पैसे लागतात. डिस्नेवर दिवसभर सलग उघडं असतं. उशिरा नेलंत तर काही ठिकाणी दंड बसतो. नाताळ किंवा शाळेच्या सुट्टीत क्लब भरतो आणि जागा नाही म्हणून परत पाठवतात, त्यामुळे सगळा बेत क्लबच्या भरवशावर आखू नये.

राहिला बंदराचा दिवस. मूल क्लबमध्ये ठेवून आई-बापांनी बेटावर उतरायची परवानगी अनेक कंपन्या देतात, कुठे वेगळे पैसे घेऊन. संपर्काची काय सोय ते लिहून घेतात. मी मात्र हे करू नये असंच म्हणेन, निदान पहिल्या सफरीत तरी. बाहेरची टॅक्सी वाटेत अडकली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, तुमचं मूल आत असलं तरीही. मग पोर समुद्रात, तुम्ही परक्या देशाच्या धक्क्यावर, आणि पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत. उतरायचंच असेल तर दोघांपैकी एकाने जहाजावर राहावं, किंवा यादीत नाव असलेल्या आजी-आजोबांनी. त्यांना दुपारच्या उन्हात बेट बघण्यात तसाही फारसा रस नसतो.